रेझर हवा तर सोलिंगेनचा घ्या, बाकी सगळं फुले मार्केटमधून

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही जळगावचे, कार्ट्रिजचा रेझर सोडून जुन्या पद्धतीने, ब्रश आणि दुधारी पात्याने दाढी सुरू करायची आहे. सामान जर्मनी-इंग्लंडहून मागवावं की गावातल्या फुले मार्केटमधल्या दुकानदाराकडून घ्यावं?

मी भुसावळचा, बरीच वर्षं याच पद्धतीने दाढी करतोय. माझं मत स्पष्ट आहे. रेझर एकदाच घ्यायचा असतो, तो बाहेरून आणायला हरकत नाही. जे संपतं, झिजतं, पुन्हा पुन्हा लागतं, ते इथेच घ्या.

आधी रेझरचं बघू. जर्मनीतल्या सोलिंगेनचा मर्कुर ३४ सी रेझर खरंच चांगला आहे, आणि तो आपल्याकडच्या कटलरीच्या दुकानात मिळणार नाही. पण नावाला भुलू नका. जर्मनीच्या म्यूलेचा आर ८९ आणि इंग्लंडच्या एडविन जॅगरचा डीई ८९ या दोघांची मुंडी, म्हणजे पातं बसतं तो वरचा भाग, एकच आहे, फरक दांड्याचा. आणि पार्कर नावाची अमेरिकन कंपनी आपले रेझर भारतातच बनवून घेते. असा रेझर परदेशी साइटवरून मागवून त्यावर जकात भरायची, यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

जकातीचं आधीच धरून चाला. वस्तूची किंमत, कुरियर, सीमाशुल्क, त्यावर आयजीएसटी, वर कुरियर कंपनीचा हाताळणी खर्च, असं सगळं मिळून रेझर कुठल्या कुठे जातो. बाहेर राहणारे नातेवाईक म्हणतात, 'गिफ्ट लिहून पाठवतो, काही लागत नाही.' ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच काढली. पोस्टाने किंवा कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंमध्ये आता राखी आणि जीवरक्षक औषधं एवढीच सुटतात.

दुकानात जे करता येतं ते साइटवर करता येत नाही. दुकानदाराला सांगा, 'भाऊ, पातं लावून दाखवा.' पातं बसवून मुंडी घट्ट करा, रेझर डोळ्यांसमोर आडवा धरा आणि दोन्ही बाजूंनी पात्याची कड सारखी बाहेर आलीय का ते बघा. एका बाजूला जास्त दिसली तर तो रेझर त्या बाजूने कापणारच, मग नाव कोणतंही असो. ब्रशही तिथेच तपासा. केस तळहातावर दाबून गोल फिरवा, मग चिमटीत धरून हलकेच ओढा. चार-पाच केस हातात आले तर ठेवून द्या आणि दुसरा मागा.

आता पाण्याचं, कारण खान्देशात निम्मा प्रश्न पाण्याचाच आहे. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं. तोटीवर, बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो ना, तोच तुमच्या फेसाचा वैरी. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं, त्याचा न विरघळणारा साका होतो आणि फेस उभाच राहत नाही. इटलीचा महागडा साबण आणला तरी या पाण्यात त्याचा फेस बसतोच. लोक साबणाला नावं ठेवतात आणि पुढचा, आणखी महाग मागवतात. त्याऐवजी दाढीपुरतं पेलाभर जारचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या, ब्रश त्यातच भिजवा आणि फेस त्याच पाण्यात करा. तोंड मग बोअरच्या पाण्याने धुतलं तरी चालेल. जनरल स्टोअरमधली साधी शेव्हिंग क्रीमही फिल्टरच्या पाण्यात लोण्यासारखी फेसाळते. नवशिक्याने वडी साबणापेक्षा क्रीमनेच सुरुवात करावी, ती जास्त सांभाळून घेते.

परदेशी साबण घ्यायचाच असेल तर घटकांची यादी वाचा. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच युरोपीय साबणांत जनावराची चरबी असते. यादीत 'टॅलोएट' असा शब्द दिसला की समजा. ब्रशमध्येही बोअर म्हणजे डुकराचे केस, बॅजर म्हणजे बिज्जूसारख्या प्राण्याचे. आपल्याकडे कितीतरी घरं माळकरी, महानुभाव, जैन. घरात चालत नसेल तर सिंथेटिक ब्रश घ्या. तो लवकर वाळतो आणि फेसही उत्तम करतो.

तुरटी मात्र बाहेरून मुळीच मागवू नका. फ्रान्सहून येणारी गुळगुळीत वडी म्हणजे पोटॅश तुरटीच. काष्ठौषधीच्या दुकानात पारदर्शक, स्फटिकासारखा खडा मागा. गढूळ, मातकट दिसणारी पाणी निवळायची लादी घेऊ नका.

पाती जगभर एकाच मापाची असतात, म्हणजे जर्मन रेझरला आपलं पातं बिनदिक्कत बसतं. आपल्या ठाण्याच्या सुपरमॅक्सची पाती कितीतरी देशांत विकली गेली आहेत. जपानचं फेदर फार धारदार आहे, हात बसेपर्यंत त्याच्या नादी लागू नका. सेव्हन ओ'क्लॉक, टोपाझ, सुपरमॅक्स, मिळतील त्यांचं एकेक पाकीट घ्या आणि तुमच्या खुंटांना कोणतं मानवतं ते बघा. फक्त आठवडे बाजारात पथारीवरून घेऊ नका, तिथे नकली निघतात. ओळखीच्या दुकानातलं पाकीट खराब निघालं तर तो बदलून देतो.

फुले मार्केटमध्ये नाहीच मिळालं काही, तर सलून मटेरियलच्या दुकानात जा. कारागीर लोक तिथूनच माल उचलतात, त्यामुळे ब्रश, पाती, तुरटी तिथे एका ठिकाणी असतात. चांगला ब्रश नसेल तर तसं बोलून दाखवा. दुकानदार गिऱ्हाइकाने न मागितलेला माल ठेवत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तुम्ही दोन-तीन मित्रांनी मिळून सांगितलं, 'चार सिंथेटिक ब्रश मागवा, आम्ही नेऊ,' तर पुढच्या खेपेला तो मुंबईहून आणतो. ते ब्रश मग खरंच न्या. नाहीतर पुढच्या माणसाला तो नाही म्हणेल.

आणि सोलिंगेनच्या रेझरवर मन अगदीच जडलं असेल, तर परदेशातून येणाऱ्या कोणाला तरी आणायला सांगा. सामान चेक-इनच्या बॅगेतच ठेवायला लावा, पाती हातातल्या बॅगेत चालत नाहीत. त्या मर्कुरची मुंडी जस्ताच्या मिश्रधातूची, वर क्रोमचा मुलामा. आपल्या पाण्याचा पांढरा थर आट्यांवर बसला तर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवू नका, मुलामा जातो. भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. घासून झालं की पुसून कोरडा करून ठेवा.