नेट न्यूट्रॅलिटी: तटस्थता की समानता?

प्रश्न असा आला आहे: ‘नेट न्यूट्रॅलिटी’ला, म्हणजे इंटरनेट कंपनीने साइटसाइटमध्ये भेद करू नये या तत्त्वाला, मराठीत ‘नेट समानता’ म्हणावं की ‘नेट तटस्थता’? दोन्ही छापून येतात.

आधी समानतेचा निकाल लावतो, कारण या शब्दाने पुरता घोळ घातला आहे. समानता म्हटलं की लोक धरून चालतात, सगळ्यांना सारखा स्पीड आणि सारखा दर. टीव्हीवरच्या चर्चांत तर गाडी थेट फुकट इंटरनेटपर्यंत जाते. अहो, चाळीस एमबीपीएसला एक दर आणि शंभरला दुसरा, यात न्यूट्रॅलिटीचं काही बिघडत नाही. इंटरनेट देणाऱ्या कंपनीने एका साइटची वाट मोकळी ठेवली आणि दुसरीची अडवली, किंवा एकीचा डेटा माफ केला आणि दुसरीचा मोजून घेतला, की बिघडतं. आणि फुकटाचंच म्हणाल, तर फेसबुकचं ‘फ्री बेसिक्स’ निवडक साइट फुकट देत होतं, तेच ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमाने बंद झालं.

आता तटस्थ. कोशवाल्यांचा हा लाडका शब्द. तट म्हणजे काठ, काठावर उभा तो तटस्थ. पाण्यात दोघे झगडतायत आणि हा कोरडा. जुन्या पोथ्यांत तटस्थ म्हणजे थक्क होऊन जागच्या जागी थिजलेला, असाही अर्थ सापडतो. यातलं काय लागू पडतं नेटवर्कला? तुमच्या डेटाचं प्रत्येक पाकीट ज्याच्या केबलीतून जातं, तो काठावर आहे? तो भर पाण्यात आहे, हातात वल्हं घेऊन! तो तटस्थ नव्हे, तो तरीवाला.

आणि इथे मजा सुरू होते. ‘तर’ म्हणजे खाडी-नदी ओलांडून देणारी होडी, आणि तरीवाला तिचा नावाडी. कोकणात हा शब्द अजून कानावर पडतो. धातू तॄ, पार जाणे. तरणे, तारू, तीर्थ, अवतार ही सगळी त्याचीच प्रजा. नदीला ‘उतार आहे’ म्हणतो तो उतारही त्यातलाच, पायी पार होता येईल अशी जागा. माझं ठाम मत आहे की ‘उतारू’ म्हणजे गाडीतून खाली उतरणारा नव्हेच, तो मुळात पार होणारा. रेल्वे येण्याआधी उतारू होडीतही बसत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी सांगावं, की गाडीत चढतानाही माणूस उतारूच कसा?

बरं, तरीच्या भाड्याला संस्कृतात स्वतंत्र शब्द आहे, आतर. अमरकोशात त्याचा अर्थ ‘तरपण्य’ दिला आहे. या भाड्यावर आपल्याकडे जुना वाद सापडतो, आणि तो हुबेहूब आजचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या नावध्यक्षाचा, म्हणजे नावांवरच्या अधिकाऱ्याचा, दर आकारावर ठरतो: ओझं घेतलेला माणूस एक माषक (तेव्हाचं नाणं), उंट किंवा म्हैस चार. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मात्र मालाने भरलेल्या गाड्यांकडून भाडं घ्यायचं ते ‘सारतः’, म्हणजे आतल्या मालाच्या मोलाप्रमाणे. झालं! कौटिल्य म्हणतो किती जागा व्यापलीस ते सांग. मनू म्हणतो पोत्यात काय आहे ते दाखव. डेटा एमबीत मोजणं हा पहिला पक्ष. २०१४ च्या डिसेंबरात एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलना वेगळा दर लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं, तो दुसरा. मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा, ही दूरसंचार कंपन्यांची मागणी आली तीही याच गोत्रातली. वजनाचं नाव पुढे करतात, पण नजर असते सारावर.

मनूने गर्भवती आणि संन्यासी यांना भाडं माफ केलं आहे. ‘म्हणजे झिरो रेटिंग (ठरावीक साइटचा डेटा माफ करणं) आपल्या परंपरेतच आहे’ असं म्हणायला कोणीतरी येईलच. थांबा. ती माफी स्मृतीने दिली, नावाड्याने आपल्या सोयऱ्याला नव्हे. ट्रायनेही आणीबाणीच्या सेवांपुरती सवलत ठेवलीच आहे.

विरोधक विचारतात, नियम कशाला, घाटावर चार होड्या असल्या की लबाड नावाडी आपोआप उपाशी मरेल. तत्त्वतः ठीक. पण पुण्या-मुंबईत कितीतरी सोसायट्यांत बिल्डरने एकाच कंपनीची केबल आत घेतलेली असते. तिथे दुसरी होडी आणायची कुठून? अमेरिकेत हा झगडा अक्षरशः तरीवरून आहे: जो आला त्याला भेद न करता पार न्यायचं, हे जुन्या इंग्लिश कायद्यातलं नावाड्याचं कर्तव्य. तिथल्या एफसीसीने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ते २०१५ मध्ये ब्रॉडबँडला लावलं, २०१७ मध्ये काढलं, २०२४ मध्ये पुन्हा लावलं आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ते रद्द केलं.

न्यूट्रॅलिटीला ‘उदासीनता’ सुचवणाऱ्यांना एकच सांगणं: आम्ल-अल्कलीच्या रसायनशास्त्रात ती शोभते, इंटरनेट कंपनीची उदासीनता आम्ही तक्रार क्रमांकावर रोज अनुभवतो.

हां, तुमचा प्रश्न. बातमीत सरळ नेट न्यूट्रॅलिटी लिहा, वाचकाला कळतं. मराठीच हवं तर ‘नेट-भेदबंदी’ लिहा. ट्रायच्या नियमाच्या नावातही भेदभावी दरांना मनाईच आहे, तटाचा उल्लेख नाही. आणि उतारूबद्दल वेगळं मत असेल तर आधार देऊन कळवा, नुसतं ‘आमच्या गुरुजींनी सांगितलं’ नको.