पिलांच्या अभ्यासाची सुरुवात करताना

आपण उंदरांच्या पिलांवरील प्रयोगासाठी मेंदूचे छेद घेण्याच्या तंत्राविषयी विचारले आहे, पण त्याआधी वेताचा, म्हणजे एका मादीला एकाच वेळी झालेल्या पिलांच्या गटाचा, विचार करावा. एकाच मादीची आठ पिले म्हणजे आठ स्वतंत्र नमुने नव्हेत. आई, दूध आणि घरटे एकच असल्याने विश्लेषणाचे एकक वेत हेच धरावे. नवखे बहुधा येथेच फसतात.

पिंजऱ्यातील भुसा बदलण्याची व पिले हाताळण्याची पद्धत सर्व गटांत सारखी ठेवावी, कारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोज 15 मिनिटे आईपासून दूर ठेवलेल्या उंदरांचा ताणाला मिळणारा प्रतिसाद प्रौढपणी सौम्य आढळतो, तर 3 तास दूर ठेवल्यास तो अनेकदा (नेहमीच नव्हे) तीव्र होतो. आई पिलांना किती वेळ चाटते, याचाही या प्रतिसादाशी संबंध असल्याने ते स्वतः बसून नोंदवावे. जनुकांवरील मिथिल खुणांकडे (जनुकांचे काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणांकडे) नंतर वळता येईल.