जुन्या मोटारसायकलचा काचेच्या फ्यूजचा बॉक्स गंजला आहे आणि खड्ड्यात आदळली की लाइट जातात. सोलापुरात सगळे वायरिंग बदलावे लागेल का?

नाही, वायर लवचीक असतील आणि त्यांचे आवरण तडकलेले नसेल, तर केवळ फ्यूज बॉक्स बदलून तेथे ब्लेड फ्यूजचा (दोन चपट्या धातूच्या पात्यांच्या प्लास्टिक फ्यूजचा) झाकणाचा होल्डर बसवणे पुरेसे आहे. सोलापुरात ऑटो इलेक्ट्रिकचे काम करताना मी हेच पाहतो, की काचेच्या फ्यूजला धरणाऱ्या पितळी पट्ट्या धूळ, दमट हवा आणि चाळिशीपार उन्हाळा सोसून हिरवट पडतात व सैल होतात. मग फ्यूज शाबूत असूनही सांध्यात रोध वाढतो, तेथेच उष्णता निर्माण होऊन बॉक्सचे प्लास्टिक वितळते. खात्री करायची असल्यास हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरने फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या वायरमधील व्होल्टेज मोजावे, ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर बॉक्स निकामी समजावा. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची बॉडीला जोडलेली वायर आधी काढावी आणि वायरचे काळवंडलेले टोक लख्ख तांबे दिसेपर्यंत कापून नवे टर्मिनल (वायरच्या टोकाची धातूची जोडपट्टी) नीट क्रिंप करावे, म्हणजे पक्कडीने घट्ट दाबून बसवावे, कारण नुसती पीळ देऊन टेप गुंडाळलेली जोडणी कंपनाने पुन्हा सैल होते. फ्यूज किती अँपिअरचा, हे मात्र गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे: काही जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर तो ज्या प्रवाहाला उडतो तो आकडा छापलेला असतो, म्हणजे ३५ लिहिलेला फ्यूज सलग सुमारे १७ अँपिअरच वाहतो, आणि त्याजागी ३५ चा ब्लेड फ्यूज लावल्यास फ्यूजआधी वायर जळू शकते.