1 कप मैदा म्हणजे किती ग्रॅम? केकसाठी वजनकाटा घ्यावा की वाटीने भागतं?

कप 240 मिलीचा धरला तर मैदा 125 ग्रॅमच्या आसपास, साखर 200, पाणी 240. तेलाच्या पिशवीवर 1 लिटरपुढे 910 ग्रॅम छापलेलं असतं, त्यावरून कपाचा हिशेब तुमचा तुम्ही करा. मैदा चमच्याने भुरभुरत भरायचा. डब्यात कप खुपसून दाबून काढलात तर त्याच कपात 150 ग्रॅम सहज बसतो आणि केकची बट्टी होते.

काटा घ्याच. वाटीवर माझा जुना राग आहे.

सासर खानदेशातलं, चोपड्याकडचं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट शिजवायचं काम माझ्या वाट्याला आलं. आठ-दहा किलो ज्वारी कांडून, तीन दिवस भिजवून, दळून तयार. पातेल्यात आधण उकळतंय आणि सासूबाईंनी ओट्यावरून हुकूम सोडला, तीन वाट्या मीठ टाक, वाटी सपाट भर. खडेमिठाची बरणी रिकामी होती. मी पुड्यातलं बारीक मीठ घेतलं, त्याच पितळी वाटीने, सपाट भरून, मोजून तीनदा. नेमकी एकादशी होती, त्यामुळे मोठ्यांपैकी घाट चाखणार कोण? पोरांनी ताटलीत घेऊन वर तेल ओतून चापला, कुणी चकार शब्द काढला नाही. पण ओल्या घाटात जे जरासं खारट लागतं, तेच गच्चीवर दोन उन्हं खाल्ल्यावर जिभेला झोंबतं. पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं. पहिली बिबडी तळली आणि नणंदबाई सगळ्या आयाबायांसमोर म्हणाल्या, "वं माय, हिले वाटी बी भरता येत नही!"

अकरा वर्षं हे वाक्य ऐकतेय. लग्न असो, बारसं असो, बिबड्या ताटात आल्या की निघतंच.

मागच्या दिवाळीत काटा आणला आणि पहिल्यांदा तीच वाटी त्यावर ठेवली. खडेमीठ 145 ग्रॅम, बारीक मीठ 182. तीन वाट्यांत 111 ग्रॅम मीठ जास्त! खड्यांमध्ये पोकळी राहते, बारीक मीठ गच्च बसतं, एवढंच. वाटी मी बरोबरच भरली होती. पायलीभर सरकी आणि पायलीभर ज्वारी एका वजनाची नसते हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल, पण मिठाचं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, ते सोडा.

हां, खायचा सोडा मात्र काट्यावर मोजू नका. घरगुती स्वस्त काटा दोन-तीन ग्रॅमला गोंधळतो, तिथं 5 मिलीचा चमचाच बरा. आणि शिऱ्यासारखं सगळंच वाटीच्या प्रमाणात असेल तर वाटीनेही भागतं, फक्त मधेच वाटी बदलू नका. काही रेसिप्यांत कप 250 मिलीचा असतो, तेही आधी बघून घ्या. भाकरीचं पीठ मोजणाऱ्याला तर आमच्याकडे हसतील.

नणंदबाईंना दोन्ही वाट्यांचे काट्यासकट फोटो पाठवले. उत्तर आलं, "तुझा काटाच चुकीचा असेल." मग साखरेचा न फोडलेला 1 किलोचा पुडा ठेवून तोही फोटो पाठवला, पिशवीसकट 1004. निळ्या टिका झाल्यात, उत्तर अजून नाही.