‘हेअरस्प्रे’ सिनेमातला शाळकरी पोरांच्या नाचाचा टीव्ही शो खरंच होता का?

होता की! सिनेमाने फक्त नाव बदललं. बाल्टिमोरच्या डब्ल्यूजेझेड-टीव्ही या स्थानिक वाहिनीवर १९५७ ते १९६४ निवेदक बडी डीनचा ‘बडी डीन शो’ चालायचा. दिग्दर्शक जॉन वॉटर्स बाल्टिमोरचाच.

त्या काळी अमेरिकेत असे शो शहरोशहरी होते, कारण वाहिन्यांना ते अगदी स्वस्तात पडायचे. शाळा सुटल्यानंतरचा वेळ भरून निघायचा, वाजवायला रेकॉर्ड तयार, नाचणारी पोरं बिनपैशाची. फिलाडेल्फियाचा ‘बँडस्टँड’ १९५२ मध्ये असाच स्थानिक म्हणून सुरू झाला. १९५७ मध्ये एबीसी या देशव्यापी वाहिनीने तो देशभर नेला आणि त्याचा निवेदक डिक क्लार्क घराघरांत पोचला. बाल्टिमोरची वाहिनीही एबीसीशीच जोडलेली, पण तिने मात्र त्याऐवजी आपला बडी डीनच दाखवला.

डीनकडे रोज नाचणाऱ्या मुलामुलींना ‘कमिटी’ म्हणत. तिथे निवड होऊनच शिरता यायचं. मुलगे कोट-टायमध्ये, मुलींचे केस फुगवून, स्प्रे मारून कडक केलेले. ‘मॅडिसन’ हा रांगेतला नाच तिथे फार चालायचा: पुढची स्टेप कोणीतरी ओरडून सांगणार आणि अख्खी रांग एकदम वळणार. ही पोरं शहरात स्टार झाली होती, त्यांना चाहत्यांची पत्रं यायची.

गंमत म्हणा की चीड, गाणी कितीतरी कृष्णवर्णीय गायकांची आणि त्यावर नाचणार गोरी मुलं. कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळा दिवस राखलेला. वेगळे पाणवठे पाहिलेल्या आपल्या समाजाला हे फार समजवायला नको. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका राखीव दिवशी त्यांच्यासोबत गोरी मुलंही आत शिरली आणि कॅमेऱ्यासमोर सगळी एकत्र नाचली. मग वाहिनीला धमक्या आल्या. कमिटीतल्या अनेकांची एकत्र नाचायला ना नव्हती, पण आईबाप पाठवायला तयार नव्हते. शेवटी ४ जानेवारी १९६४ ला शोच गुंडाळला.

सिनेमात शेवटी सगळे एकत्र नाचतात. तो शेवट मला गोड वाटतो, पण पटत नाही. प्रत्यक्षात मिश्र शो चालवण्यापेक्षा उत्तम चाललेला शो बंद करणं सोपं वाटलं.

या विषयात रस असेल तर नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहराच्या ‘टीनएज फ्रॉलिक्स’ या अशाच नाचाच्या टीव्ही शोबद्दलही वाचा. १९५८ पासून जे. डी. लुईस या कृष्णवर्णीय निवेदकाने तो कृष्णवर्णीय मुलांना घेऊन चालवला, आणि तो बडी डीनच्या शोनंतरही कितीतरी वर्षं टिकला.