अँबॅसिडरच्या ब्रेकसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका निवृत्त वाचकांकडे वडिलांची १९६८ची अँबॅसिडर आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून लायनर दाबून गाडी थांबवणारे). भंगारात निघालेल्या नंतरच्या अँबॅसिडरचे पुढचे डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या), कॅलिपर (चकतीवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारी पकड) आणि सर्वो (पेडलचा जोर वाढवणारा भाग) बसवून द्यायचे गॅरेजवाल्याने ७० हजार सांगितलेत. आहे त्याच ड्रमचं पूर्ण काम १८ हजारांत होतं. आजारपणासाठी ठेवलेली २ लाखांची एकुलती एक एफडी मोडू का?

नका मोडू. मुदतीआधी मोडली की जितके दिवस पैसे राहिले तितक्याच दिवसांचा दर मिळतो, वर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. पण ते जाऊ द्या. दवाखान्याचे पैसे गाडीत घालायचे नसतात, गाडी वडिलांची असली तरी.

शिवाय ७० हजारांत भागेल असं मला वाटत नाही. भंगारातून लोखंड आणता येतं, रबर नाही. कॅलिपरचे सील, होस नवेच घ्यायचे, पॅडही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. पैसे देण्याआधी तुमच्यासमोर मोजून घ्या. त्याहून पातळ झाली असेल तर ती फुकटातही नको. ड्रमचा जुना मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) हाही डिस्कला चालत नाही. त्यातला व्हॉल्व्ह लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो, त्यामुळे पॅड डिस्कला घासत राहतात. कधी रिम कॅलिपरला अडते, मग रिम शोधा. या सगळ्याचं लेखी कोटेशन मागा, आकडा आपोआप बदलेल.

महिन्यातून एकदा त्र्यंबकला जाऊन यायला लेथवर नीट केलेले ड्रम, नवे लायनर आणि व्हील सिलिंडर (चाकातले, लायनर ड्रमवर दाबणारे) पुरेत. खरी भीती दुसरीच आहे: तुमच्या गाडीत ब्रेकचं एकच सर्किट. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. १८ हजारांत भर घालून दोन सर्किटचा नवा मास्टर सिलिंडर बसवता येईल का, हे आधी विचारा. हा खर्च मी बचत खात्यातून बिनधास्त करेन.

कसारा घाट उतरून वरचेवर मुंबईला जाणार असाल, तर मात्र डिस्क कराच. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जातं. त्यासाठी पेन्शनमधून दरमहा ५ हजारांची आरडी लावा. सव्वा वर्षात ७५ हजार जमतील. बदल केलात तर विमा कंपनीला लेखी कळवा. आणि काढलेले ड्रम गॅरेजवाल्याला देऊ नका. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करताना मूळ रूप पाहतात, आणि पुढे विकायची झाली तर घेणाराही ते विचारतोच.