मावशीचं रक्त आधी तपासा

प्रश्न : माझी आई ४२व्या वर्षी जठराच्या कॅन्सरने गेली. आता धाकट्या मावशीला ३९व्या वर्षी तोच आजार निघालाय. दोघींच्या रिपोर्टवर ‘डिफ्यूज, सिग्नेट रिंग सेल’ असं लिहिलंय. मी आणि भावाने एन्डोस्कोपी करून घेतली, नॉर्मल आली. आता निर्धास्त राहू का? हे आमच्या रक्तातच आहे का?

उत्तर : निर्धास्त राहा, असं मला लिहिता येणार नाही. मी पेशंट तपासत नाही. जठराच्या कॅन्सरमध्ये पेशीच्या आत नेमकं काय बिघडतं, ते शोधते. बायोप्सीच्या पातळ चकत्या रंगवून पाहिल्या की निरोगी जठरात प्रत्येक पेशीच्या कडेने एक तपकिरी रेघ उमटते. ते ई-कॅडहेरिन. हे प्रथिन पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. तुम्ही लिहिलेल्या प्रकारात ती रेघ बहुतेकदा पुसट असते, नाहीतर नसतेच. मग सुटलेल्या पेशी गाठ न धरता एकेकट्या अस्तराखाली पसरतात. वरून सगळं गुळगुळीत दिसतं, म्हणून सुरुवातीचे ठिपके दुर्बिणीतून निसटतात.

या प्रथिनाच्या जनुकाचं नाव सीडीएच१. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या तरुण माणसं या आजाराने जात होती. कारण शोधा, असा आग्रह त्या कुटुंबानेच धरला आणि १९९८ साली या जनुकातला दोष सापडला. मी या विषयाकडे वळले ती त्यांच्यामुळे.

तरीही घरात दोघींना झाला म्हणजे जनुकच, असं नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुधा लहानपणी घरातच लागतो. त्याचे काही वाण कॅगए नावाचं प्रथिन सुई टोचावी तसं थेट आपल्या पेशीत सोडतात आणि तिच्या वाढीचं तंत्र बिघडवतात. अँटिबायोटिक्सनी तो जातो. तुम्ही दोघं ती तपासणी तर कराच.

पण जनुक तपासणीची सुरुवात मावशीपासून करा. आजारी माणसात दोष सापडला, तरच तुमच्या ‘निगेटिव्ह’ला अर्थ आहे. तिच्यात सापडला, तर तो आईतही असण्याची दाट शक्यता. आणि आईत असेल, तर तुम्हा भावंडांपैकी प्रत्येकाकडे तो येण्याची शक्यता ५० टक्के. तुमच्यात निघाला, तर डॉक्टर संपूर्ण जठर काढण्याबद्दल बोलतील. ऐकूनच धडकी भरते, पण जठराशिवाय माणसं जगतात, थोडंथोडं जेवतात, कामावर जातात. तुम्ही स्त्री असाल, तर स्तनाच्या लोब्युलर, म्हणजे दुधाच्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या, कॅन्सरबद्दलही विचारा. हाच दोष त्याचाही धोका वाढवतो.

मावशी उपचारांनी थकलेली असताना तिच्याकडे हे मागणं जड जाईल, कळतं मला. केमोआधी तिचं रक्त काढतात, त्याच वेळी जनुक तपासणीसाठी एक जास्तीची नळी घेता येईल का, ते तिच्या डॉक्टरांना विचारा. तिला वेगळी सुई टोचायला नको.